दिवसभर त्या गावात कोण राहणार आहे?

प्रश्न : माझ्या पतींना श्टुटगार्ट शहराच्या फॉयरबाख भागातील एका कंपनीत नोकरी मिळाली असून जानेवारी २०२६ मध्ये आम्ही दोघे आणि आमची मुलगी जर्मनीला जात आहोत. मुलगी एप्रिलमध्ये सहा वर्षांची होईल. पतींना शहराच्या मध्याजवळ, श्टुटगार्ट-वेस्टमध्ये राहायचे आहे. त्यांचे दोन जुने सहकारी श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगनला राहतात. त्यांच्याच इमारतीत एक जागा रिकामी होते आहे आणि शेजारी मराठी कुटुंबे आहेत, म्हणून सासूबाईंना तेच बरे वाटते. इंटरनेटवर आम्हाला एक सुंदर आणि स्वस्त फ्लॅटही सापडला आहे. मालक सध्या परदेशात आहेत. दोन महिन्यांचे भाडे आधी पाठवले की ते किल्ली कुरिअरने पाठवणार आहेत. मी इथली अकाउंट्समधली नोकरी सोडते आहे आणि जर्मनची ए-१ (सर्वांत पहिल्या पातळीची) परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. घर कुठे घ्यावे हेच ठरत नसल्याने पुढचे सगळे अडून राहिले आहे.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या फ्लॅटचा विषय आधी संपवू, कारण त्याला वेळ लावून चालणार नाही. त्या गृहस्थांना एक युरोही पाठवू नका आणि पासपोर्टची प्रतही देऊ नका. मालक परदेशात आहेत, घर दाखवता येत नाही, पैसे आले की किल्ली टपालाने येईल, ही जर्मनीतल्या घरभाड्याच्या फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे आणि तिच्यात सापडणारे बरेच लोक तुमच्यासारखेच दूर देशातून घर शोधणारे असतात. घर स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने आत जाऊन पाहिलेले नाही आणि करारावर सही झालेली नाही, तोवर पैसे द्यायचे नाहीत, एवढा एक नियम पाळलात तरी पुरेसे आहे. पासपोर्टची प्रत आधीच गेली असेल, तर तुमच्या नावाने दुसऱ्या कुणाला फसवले जाऊ शकते. म्हणून झालेला सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या घरात दोन मते आहेत आणि दोन्ही मते प्रेमापोटी आहेत, पण त्यांपैकी एकाही मताच्या केंद्रस्थानी तुम्ही आणि तुमची मुलगी नाही. तुमचे पती सकाळी घर सोडतील आणि संध्याकाळी परततील. ऑफिसात त्यांना माणसे, काम, कॅन्टीन आणि बहुधा इंग्रजी बोलणारे सहकारी मिळतील. घर ज्या गावात आहे त्या गावात सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत खऱ्या अर्थाने राहणार आहात त्या तुम्ही दोघी. दुकान, शाळा, डॉक्टर, बाग, भाषेचा वर्ग, मुलीला भेटणारी पहिली मैत्रीण हे सगळे त्या गावातून येणार आहे. म्हणून घर निवडताना पहिला विचार तुमच्या दोघींच्या दिवसाचा व्हावा आणि पतींच्या प्रवासाचा त्यानंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मी अनुभवाने सांगते आहे. मी २००९ ते २०१६ या काळात त्याच परिसरात राहिले. आमचे पहिले घर आम्ही केवळ माझ्या यजमानांच्या ऑफिसपासूनचे अंतर पाहून घेतले होते. ते टेकडीवर होते, खाली बाजारात जायला दगडी पायऱ्यांची लांबलचक वाट होती आणि माझ्याजवळ आठ महिन्यांचा मुलगा व बाबागाडी होती. त्या हिवाळ्यात मी आठवड्यातून दोनदाच घराबाहेर पडत असे. घरात काहीच कमी नव्हते, तरी ते घर माझ्यासाठी चुकीचे होते.

श्टुटगार्ट हे शहर नकाशावर पाहून कळत नाही, ते याच कारणाने. शहराचा मध्य एका खोलगट वाटीत आहे आणि वस्ती चहूबाजूंच्या उतारांवर चढत गेली आहे, त्यामुळे नकाशावर सातशे मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात शंभर-दोनशे पायऱ्यांचे असू शकते. उतारावरच्या घरांना हिवाळ्यात ऊन चांगले मिळते, वाटीच्या तळाशी उन्हाळ्यात हवा कोंडते. डिसेंबरात तिथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणून खोल्यांच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत हे विचारणे हा शौक नव्हे. अर्धे जमिनीखाली असलेले किंवा फक्त उत्तरेकडे उघडणारे घर कितीही स्वस्त मिळाले तरी पहिल्या हिवाळ्यासाठी घेऊ नका.

पतींच्या पसंतीचे श्टुटगार्ट-वेस्ट वाईट मुळीच नाही. जुन्या, देखण्या, चार-पाच मजली इमारतींचा तो दाट वस्तीचा भाग आहे. दुकाने, कॅफे, बागा पायी अंतरावर आहेत आणि फॉयरझे किंवा श्वाबश्ट्रासे या स्थानकांवरून एस-४, एस-५, एस-६ या लोकल थेट फॉयरबाखला जातात. अडचणी दोन आहेत. त्या इमारतींपैकी पुष्कळांना लिफ्ट नाही, आणि तिथे घर मिळवण्यासाठी एकेका जागेमागे मोठी रांग असते. त्या रांगेत पगाराच्या तीन पावत्या आणि शुफा नावाच्या संस्थेचे, देणी वेळेवर फेडत असल्याचे पत्र हातात असलेला माणूस पुढे जातो. नुकत्याच उतरलेल्या कुटुंबाकडे यांपैकी काहीच नसते, फक्त नोकरीचा करार असतो.

ब्योब्लिंगनच्या पर्यायावर मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण सासूबाईंची काळजी खरी आहे. परक्या देशातल्या पहिल्या थंडीत, मूल तापाने फणफणलेले असताना, शेजारच्या दारावर टकटक करून मराठीत बोलता येणे याचे मोल मी जाणते. तरीसुद्धा त्याच इमारतीत घर घेण्याची घाई करू नये, असे मी म्हणेन. ब्योब्लिंगन शहराच्या नैऋत्येला आहे आणि फॉयरबाख उत्तरेला, म्हणजे पतींचा रोजचा प्रवास शहर ओलांडून होणार. ही झाली लहान अडचण. मोठी अडचण मुलीची आहे. सप्टेंबरच्या मध्यात ती पहिलीत बसेल आणि तिच्याजवळ जर्मन कानावर पडण्यासाठी जेमतेम आठ महिने आहेत. दुपारी खाली अंगणात मराठी बोलणारी चार मुले असतील, तर ती त्यांच्यातच खेळेल आणि त्यात तिचा काहीही दोष नसेल. तुमच्या बाबतीतही तेच होईल. ए-१पर्यंत आलेली भाषा वापरली नाही तर सहा महिन्यांत गंजते. मराठी तर तुमच्या घरात आहेच, तिला शेजाराची गरज नाही. गणपतीला, दिवाळीला, एखाद्या रविवारी ब्योब्लिंगनला जाता येईल, लोकलने सुमारे तासाभराचा प्रश्न आहे. आपली माणसे तासाभरावर असावीत आणि शेजार नव्या गावाचा असावा, ही विभागणी मला योग्य वाटते.

मग घर कुठे घ्यावे? माझे उत्तर असे की कायमचे घर चिंचवडमध्ये बसून ठरवूच नका. पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी सामानासकट मिळणारे तात्पुरते घर घ्या. त्याचे भाडे जास्त असते आणि ते मनाला टोचते, पण चुकीच्या घरात अडकण्यापेक्षा ते स्वस्त पडते, कारण जर्मनीत साध्या भाडेकरारातून बाहेर पडायला भाडेकरूला तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि काही करारांत ठरावीक काळ घर न सोडण्याची अटही घातलेली असते. बऱ्याच कंपन्या पहिल्या काही आठवड्यांच्या घराचा खर्च उचलतात किंवा घर शोधून देणारी संस्था नेमतात. पतींनी करारावर सही केली असली तरी हे विचारायला अजून उशीर झालेला नाही.

तात्पुरते घर घेताना एकच अट कसोशीने तपासा. तिथे तुमचा पत्ता सरकारदरबारी नोंदवता आला पाहिजे. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात, ती राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. कराचा क्रमांक, बँकेचे खाते, निवासाचा परवाना, मुलीची शाळा या साऱ्यांची साखळी त्या एका कागदापासून सुरू होते. काही मालक नोंदणी करू देत नाहीत. अशा घराला, ते कितीही सोयीचे असले तरी, नकार द्या. आणि घरात पाऊल ठेवल्या दिवशीच खालच्या टपालपेटीवर आणि घंटेवर स्वतःचे आडनाव लावा. हे मी मुद्दाम सांगते आहे. तिथे फ्लॅटला क्रमांक नसतात, पोस्टमन फक्त पेटीवरचे नाव वाचतो. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच राहिले होते; बँकेचे कार्ड आणि कराच्या क्रमांकाचे पत्र, दोन्ही आली त्या वाटेने परत गेली आणि आम्ही तीन आठवडे वाट पाहत बसलो. पांढऱ्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी आणि चिकटपट्टी, एवढ्याने ते टळले असते.

हे तात्पुरते घर शक्यतो एस-४, एस-५ किंवा एस-६ या मार्गांवर, फॉयरबाखच्या उत्तरेला किंवा पश्चिमेला पाहा, म्हणजे पुढचे घर त्याच परिसरात घेतल्यास मुलीची बालवाडी मोडणार नाही. याच मार्गांवर कोर्नवेस्टहाइम, लुडविग्सबुर्ग, लेओनबेर्ग ही गावे आहेत. तिथून फॉयरबाख सुमारे पाव तासाच्या अंतरावर आहे आणि गाडी बदलावी लागत नाही. तुमच्या पत्रातून तुमची जी ओळख मला झाली तिच्यावरून लुडविग्सबुर्ग तुम्हाला मानवेल असे वाटते. ते अठराव्या शतकात राजवाड्याभोवती आखून वसवलेले गाव आहे, त्यामुळे रस्ते सरळ आणि बरेचसे सपाट आहेत. समोरासमोर दोन चर्च असलेला मोकळा बाजारचौक, वाचनालय, प्रौढांसाठी भाषेचे वर्ग घेणारी फोल्क्सहोखशुले, स्टेशन हे सगळे मुलीचे बोट धरून पायी होण्यासारखे आहे. पतींना शहराचा सहवास हवा असेल तर श्टुटगार्टचे मुख्य स्थानकही त्याच गाडीने गाठता येते. जर्मनीभरच्या लोकल, बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा मासिक पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला होता, तो जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचा होत आहे. तुमच्या महिन्याच्या हिशेबात दोघांचे दोन पास धरा, मोटारीचा विचार पहिल्या वर्षी करू नका.

शाळेबद्दल. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात ३० जूनपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारे मूल त्याच वर्षी शाळेत जाते, म्हणजे तुमच्या मुलीला सप्टेंबर २०२६ मध्ये पहिलीत बसावेच लागेल. सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. म्हणून कायमचे घर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी घेतलेले असावे, हीच तुमची खरी मुदत आहे. जानेवारी ही नव्हे. तात्पुरत्या पत्त्यावर नाव नोंदवून पुढे घर बदलले तर शाळाही बदलते, आणि सुरुवात होण्याआधी ती बदलली तर मुलीला त्याची झळ लागत नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी पुष्कळ शाळांत तयारीचे वर्ग असतात. घर पाहायला जाल तेव्हा जवळच्या शाळेत तो आहे का, हे त्याच दिवशी विचारून या. मधल्या महिन्यांसाठी बालवाडीचा हक्क तिला कायद्याने आहे, पण जागा मिळेलच असे नाही, म्हणून पत्ता मिळताच नगरपालिकेकडे अर्ज करा आणि जोडीने जिमनॅस्टिक्सच्या किंवा पोहण्याच्या क्लबात तिचे नाव घाला. तिथल्या मुलांसोबत तिला भाषा लवकर येईल.

तुमच्या स्वतःच्या नोकरीचा तुम्ही पत्रात फक्त उल्लेख करून पुढे गेला आहात. मला तो प्रश्न मुलीच्या शाळेइतकाच महत्त्वाचा वाटतो. पतींना ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा निवास-परवाना, मिळत असेल, तर तुम्हाला वेगळा परवाना न काढता काम करण्याची मुभा असेल. अडचण वेळेची असते, कारण तिथली प्राथमिक शाळा अनेक ठिकाणी दुपारी बारा-एकला सुटते आणि आईचा दिवस तिथेच कापला जातो. तुमच्या बाबतीत योग जुळून आला आहे : ऑगस्ट २०२६ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला आठ तास शाळेत किंवा पाळणाघरात राहण्याचा कायदेशीर हक्क लागू होत आहे. प्रत्येक शाळेची तयारी सारखी नसेल, आणि म्हणूनच घर निवडताना त्या गावातली दुपारची सोय कशी आहे, तिचे शुल्क किती, हे नगरपालिकेला विचारणे तुमच्या नोकरीसाठी भाड्याच्या आकड्याइतकेच निर्णायक ठरेल. जर्मन हिशेबाचे काम करायचे तर भाषा बी-२पर्यंत, म्हणजे ए-१च्या तीन पायऱ्या वर, न्यावी लागेल, असे धरून चाला. पहिले वर्ष त्यासाठी दिलेत तर ते वाया गेले असे कुणी म्हणू नये, तुम्हीही नाही.

जाहिराती वाचताना काही शब्दांनी फसगत होते. ‘तीन खोल्या’ म्हणजे बैठकीची एक आणि झोपण्याच्या दोन. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. म्हणजे आपला टू बीएचके. ७० चौरस मीटर म्हणजे साधारण ७५० चौरस फूट, आणि हा आकडा आपल्याकडच्या कार्पेट एरियाच्या जवळचा आहे. काल्टमीटे हे नुसते भाडे. वार्ममीटेमध्ये बहुधा पाणी, कचरा, जिन्याचे दिवे, हीटिंग येते, वीज आणि इंटरनेट येत नाही. हीटिंगचा हिशेब वर्षातून एकदा होतो आणि कमी पडलेली रक्कम भरावी लागते. अनामत रक्कम काल्टमीटेच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. पुण्यात एजंटला महिन्याचे भाडे देण्याची तुम्हाला सवय असेल. तिथे १ जून २०१५ पासून ज्याने एजंट नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असतात, आणि नेमणारा बहुधा मालक असतो.

स्वयंपाकघराचे मात्र नीट पाहून घ्या. पुष्कळ घरांत ते नसतेच, म्हणजे खोली असते, पण ओटा, शेगडी, कपाटे काहीही नसते. भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ आणि छतातून लोंबणारी एक वायर पाहून मी दारातच थबकले होते. आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर विकायला तयार असेल तर घ्या, नवे बसवायला पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. खिडकी आहे का ते बघा. आपल्या फोडणीचा वास आणि कुकरची वाफ बंद घरात राहिली की भिंतींना बुरशी धरते आणि तिचा खर्च शेवटी भाडेकरूच्या अनामतीवर येतो. थंडी असली तरी दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडायच्या, ही तिथली रीत घरमालक अपेक्षितात आणि ती बरोबर आहे.

आणि एक दिवस तुमच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसेल. तिच्यावर लिहिलेले असेल ‘केरवोखं’. अर्थ असा की या आठवड्यात जिना आणि दारासमोरचा पदपथ झाडण्याची पाळी तुमची. शब्दाचा पहिला भाग आपल्या ‘केर’सारखा ऐकू येतो आणि अर्थही झाडण्याचाच आहे. त्या भागातल्या जुन्या इमारतींत ही पाळी फार मनापासून पाळतात. पाळी आली की स्वतः झाडू घेऊन उतरा, शनिवारी दुपारपर्यंत जिना पुसून पाटी शेजाऱ्यांच्या दाराला लावा आणि लावताना घंटा वाजवून दोन शब्द बोला. माझी तिथली पहिली ओळख अशीच झाली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझी बादली पाहून जिना वरून खाली कसा पुसायचा ते दाखवले आणि पुढची चार वर्षे माझ्या मुलाची जर्मन त्यांनीच घडवली.

सासूबाईंना सांगा की ब्योब्लिंगनच्या कुटुंबांचे फोन नंबर तुम्ही घेतले आहेत आणि पहिला शनिवार त्यांच्याकडेच जाणार आहात. पतींना सांगा की मार्चपर्यंत वेस्टमधली घरेही पाहायची आहेत, आणि ती पाहायला तुम्ही तिघे मिळून जाल. एखादे घर पसंत पडत आले की पतींशिवाय पुन्हा जा, कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. मुलीला घेऊन त्या घरापासून शाळेपर्यंत चाला, वाटेत बेकरीत थांबून जर्मनमध्ये दोन पाव मागा, आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभ्या राहा. बाहेर पडणारी मुले चालत घरी जातात की मोटारीत बसतात, आया एकमेकींशी थांबून बोलतात की नाही, तुमच्याकडे पाहून कुणी ‘हालो’ म्हणते का, हे बघा आणि संध्याकाळी पतींना सांगा. करारावर सही त्यानंतर करा.